ग्रीन्यार अभिकर्मक एकदा चालतो, एकदा फसतो: दोष निर्मितीत आहे की द्रावणातील आयनांच्या अवस्थेत?

ग्रीन्यार अभिकर्मक म्हणजे सेंद्रिय हॅलाइड आणि मॅग्नेशियम यांपासून बनणारे, कार्बन–मॅग्नेशियम बंध असलेले संयुग. त्याच्याविषयीची तक्रार नेहमी एकाच धाटणीची असते. आरिल ब्रोमाइड (बेंझिनसारख्या वलयाला ब्रोमीन जोडलेले संयुग) तोच, मॅग्नेशियमची बाटली तीच, कृतीही शब्दशः तीच. तरी एका खेपेला कीटोनपासून तृतीयक अल्कोहोल भरघोस मिळते आणि पुढच्या खेपेला निम्म्याहून अधिक कीटोन जसाच्या तसा परत येतो. मग कोणी मॅग्नेशियमला दोष देतो, कोणी टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकाला, कोणी हवेतील दमटपणाला, आणि कोणी तरी सुचवतो की आयन पुरेसे सुटे होत नसावेत, तेव्हा थोडे एचएमपीए (हेक्झामिथिलफॉस्फोरामाइड, धनायनाला घट्ट धरणारा द्रावक) घालून पाहावे. ही शेवटची सूचना ऐकायला भारदस्त असली, तरी बहुतेक वेळा ती तपासाची सुरुवात चुकीच्या टोकाने करून देते.

या एका तक्रारीत दोन निराळे प्रश्न गुंतलेले असतात. पहिला प्रश्न मोजणीचा आहे: फ्लास्कमध्ये कार्बन–मॅग्नेशियम बंध असलेला पदार्थ खरोखर किती मिलिमोल आहे? दुसरा प्रश्न अवस्थेचा आहे: तो पदार्थ द्रावणात सुटा आहे की गुच्छात, हॅलाइडला धरून आहे की दुसऱ्या अल्किल गटाशी जोडी बदलून बसला आहे, आणि त्यातील धनायन व ऋणायन एकमेकांना चिकटून आहेत की मध्ये द्रावकाचा थर आला आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती नसताना दुसऱ्याबद्दल तर्क लढवण्यात अर्थ नाही. कारण मुळात अभिकर्मक निम्माच तयार झाला असेल, तर आयनांच्या अवस्थेत कितीही बदल केला तरी उरलेला निम्मा कोठून येणार?

विक्टर ग्रीन्यार यांच्या १९०० मधील कामाकडे या दृष्टीने पाहावे असे मला वाटते. त्यांचे गुरू फिलिप बार्बिए यांनी १८९९ मध्ये मॅग्नेशियम, हॅलाइड आणि कार्बोनिल संयुग एकाच भांड्यात एकत्र केले होते आणि परिणाम बेभरवशाचे येत होते. ग्रीन्यार यांनी आधी ईथरमध्ये अभिकर्मक तयार केला आणि कार्बोनिल संयुग मागाहून घातले. १९१२ चे नोबेल पारितोषिक ज्या कामाला मिळाले त्याच्या मुळाशी पायऱ्या वेगळ्या करण्याची ही साधी कल्पना आहे. दोन पायऱ्यांमध्ये एक थांबा निर्माण झाला, आणि त्या थांब्यावर मोजमाप करता येते. ही सोय सव्वाशे वर्षे उपलब्ध असूनही आपण बहुतेक जण तेथे न थांबता पुढे जातो.

सुरुवात झाली की नाही

मॅग्नेशियमच्या कात्रणांवर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडचा पातळ थर असतो. अभिक्रिया धातूच्या उघड्या पृष्ठभागावर होते. तेथे हॅलाइडला इलेक्ट्रॉन मिळतो, कार्बन–हॅलोजन बंध तुटतो, क्षणिक मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला कण) तयार होतो आणि तो मॅग्नेशियमशी जोडला जातो. पृष्ठभागाचे पहिले काही ठिपके उघडे पडेपर्यंत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, आणि एकदा ते उघडे पडले की उष्णता झपाट्याने निर्माण होते. म्हणूनच हॅलाइडचा सुमारे विसावा भाग प्रथम घालावा आणि अभिक्रिया सुरू झाल्याची खात्री पटेपर्यंत पुढचा थेंबही घालू नये. अभिक्रिया रेंगाळते म्हणून सगळा हॅलाइड ओतून टाकणे आणि वरून गरम करणे ही प्रयोगशाळेतील अपघाताची जुनी आणि खात्रीची कृती आहे.

आयोडीनचा कण घातल्यास तो पृष्ठभाग खरवडतो आणि त्याचा तपकिरी रंग मावळला की काम सुरू झाल्याचा एक संकेत मिळतो. मात्र हा संकेत आयोडीन संपल्याचा आहे, आपला हॅलाइड अभिक्रिया करू लागल्याचा नव्हे. १,२-डायब्रोमोइथेनचे काही थेंब मला अधिक प्रामाणिक वाटतात, कारण त्यातून एथिलीनचे बुडबुडे सुटताना दिसतात आणि मागे फक्त मॅग्नेशियम ब्रोमाइड उरते. खरी खूण मात्र द्रावण गढूळ होणे, ईथर बाहेरच्या उष्णतेशिवाय उकळत राहणे आणि हॅलाइडचा प्रवाह थांबवल्यावर हे उकळणे हळूहळू शमणे, ही आहे. ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या जवळ उकळते, त्यामुळे त्यात ही खूण सहज दिसते. टीएचएफ ६६ अंशांना उकळते, म्हणून तेथे फ्लास्कमध्ये तापमापक असलेला बरा.

एक इशारा येथेच द्यायला हवा. ट्रायफ्लुओरोमिथिल गट असलेल्या आरिल हॅलाइडांपासून मॅग्नेशियम धातूच्या साहाय्याने अभिकर्मक बनवताना गंभीर स्फोट झालेले आहेत. तेथे धातूचा मार्ग सोडून कमी तापमानाला आयसोप्रोपिल मॅग्नेशियम क्लोराइडशी हॅलोजन–मॅग्नेशियम अदलाबदल करण्याचा मार्ग घ्यावा, आणि मिळालेले द्रावण कोरडे होऊ देऊ नये.

पाण्याचा हिशेब

दमटपणाविषयी मोघम बोलण्याऐवजी आकडेमोड करावी. समजा ५० मिलिलिटर टीएचएफ वापरले आणि त्यात वजनाने दशलक्षात ५०० भाग पाणी आहे. टीएचएफची घनता सुमारे ०.८९ असल्याने द्रावकाचे वजन ४४.५ ग्रॅम, पाणी २२ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १.२ मिलिमोल होते. हे पाणी किमान तितकाच अभिकर्मक मारते. प्रयोग २० मिलिमोलचा असेल तर नुकसान सहा टक्के, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. प्रयोग २ मिलिमोलचा असेल तर निम्म्याहून अधिक अभिकर्मक गेला. मोठ्या प्रमाणावर चालणारी आणि छोट्या प्रमाणावर फसणारी अभिक्रिया समोर आली की पहिला संशय पाण्यावर घ्यावा, तो या गणितामुळे. तेच टीएचएफ ३ अँगस्ट्रॉमच्या, ३०० अंशांच्या आसपास तापवून सक्रिय केलेल्या आण्विक चाळणीवर दोन दिवस ठेवले आणि पाणी दशलक्षात २० भागांवर आले, तर हे नुकसान ०.०५ मिलिमोल इतकेच राहते. कार्ल फिशर अनुमापनाची (पाणी मोजण्याच्या पद्धतीची) सोय असेल तर ती वापरावी; बाटलीवरचा ‘शुष्क’ हा शब्द बाटली पहिल्यांदा उघडली त्या दिवसापुरता खरा असतो.

पाणी फक्त द्रावकातून येते असेही नाही. कीटोन स्वतः ओलसर असू शकतो, आणि अशा वेळी अभिकर्मकाचे मोजमाप अगदी नीट येऊनही पुढची पायरी फसते. ऑक्सिजनचा परिणाम निराळा असतो: तो कार्बन–मॅग्नेशियम बंधात शिरतो आणि शेवटी अल्कॉक्साइड किंवा फिनॉक्साइड तयार होते. उकळत्या ईथरची वाफ फ्लास्कमधली हवा बाहेर ढकलत असल्यामुळे ईथरमध्ये हे नुकसान पुष्कळसे टळते. थंड टीएचएफमध्ये असे कवच नसते. ग्रीन्यारच्या भावंडांसाठी, म्हणजे कार्बन–लिथियम बंध असलेल्या अभिकर्मकांसाठी, लागणाऱ्या लिथियम धातूबाबत आणखी एक पथ्य आहे. तो सामान्य तापमानालाच नायट्रोजनशी संयोग पावून नायट्राइड बनवतो, म्हणून धातूपासून अल्किललिथियम बनवताना आर्गॉनच हवा.

थांब्यावरचे मोजमाप

संहती, म्हणजे एका लिटर द्रावणात किती मोल अभिकर्मक आहे ते, मोजण्यासाठी अभिकर्मक पाण्यात घालून एकूण अल्कलीचे आम्लाने अनुमापन करण्याची पद्धत सर्वांत सोपी आहे आणि सर्वांत जास्त फसवते. मेलेला अभिकर्मकही हायड्रॉक्साइड किंवा अल्कॉक्साइडच्या रूपाने अल्कलीच असतो. त्यामुळे वर्षभर उघडझाप झालेली बाटलीसुद्धा या अनुमापनात तरुण दिसते. हा दोष काढण्यासाठी हेन्री गिलमन यांनी ब्युटिललिथियमकरिता दुहेरी अनुमापन रूढ केले: एका नमुन्यात एकूण अल्कली मोजायची, दुसऱ्यात आधी हॅलाइड घालून कार्बन–लिथियम बंध संपवायचा आणि उरलेली अल्कली मोजायची; दोन्हींतील फरक म्हणजे जिवंत अभिकर्मक.

एका नमुन्यात काम भागवायचे असेल तर १,१०-फेनँथ्रोलीन हा दर्शक घ्यावा. तो अभिकर्मकाशी गडद रंगाचे संकुल बनवतो आणि २-ब्युटेनॉल किंवा मेंथॉल मोजून घालत गेल्यावर अंतिम बिंदूला तो रंग जातो. ग्रीन्यार अभिकर्मकांसाठी मला आयोडीनची पद्धत अधिक सोयीची वाटते. लिथियम क्लोराइड विरघळवलेल्या कोरड्या टीएचएफमध्ये आयोडीनचे अचूक वजन घ्यावे आणि अभिकर्मक सिरिंजने थेंबथेंब घालत तपकिरी रंग पूर्ण जाईपर्यंत पाहावे. एका रेणू आयोडीनला कार्बन–मॅग्नेशियमचा एक बंध लागतो. २५४ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोल आयोडीन १.२५ मिलिलिटर अभिकर्मकाने रंगहीन झाले, तर संहती ०.८० मोल प्रति लिटर. लिथियम क्लोराइड तेथे लवणे विरघळलेली ठेवते, नाही तर अवक्षेपाच्या गढूळपणात अंतिम बिंदू हरवतो. अनुमापन तीनदा करावे, आणि तीन आकडे एकमेकांपासून पाच टक्क्यांहून अधिक दूर असतील तर आपली सिरिंज आणि सेप्टम तपासावे.

मोजमापाने तूट किती हे कळते. ती कोठे गेली हे कळण्यासाठी एक छोटा नमुना जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात) विझवून त्याचे गॅस क्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटाने पृथक्करण करावे. या एका चाचणीइतकी माहिती दुसरे काहीच देत नाही. मूळ हॅलाइड शिल्लक दिसला तर अभिक्रिया अपुरी राहिली. ड्युटेरियम असलेला हायड्रोकार्बन दिसला तर तितका अभिकर्मक नमुना घेताना जिवंत होता. साधा हायड्रोजन असलेला हायड्रोकार्बन दिसला तर अभिकर्मक आधीच कोठून तरी प्रोटॉन घेऊन मेला होता, किंवा मूलकाने द्रावकाचा हायड्रोजन ओढला होता. दोन आरिल गट जोडलेले द्विक दिसले तर वुर्ट्झ प्रकारची जोडणी झाली. बेंझिल आणि अलिल हॅलाइडांत ती विशेष सतावते, आणि त्यावर हॅलाइड विरळ करून सावकाश घालणे व मॅग्नेशियम भरपूर घेणे हाच उपाय असतो. फिनॉल दिसला तर हवा शिरली. यानंतर कारणांची यादी एकदोन ओळींपुरती उरते आणि वादही थांबतात.

आकडा बरोबर, तरी वागणूक निराळी

आता समजा की मोजमाप नीट आले, संहती अपेक्षेइतकी आहे, जड पाण्याच्या चाचणीत नव्वद टक्के ड्युटेरियम दिसले, आणि तरीही अभिक्रिया मागच्यासारखी वागत नाही. येथे दुसऱ्या प्रश्नाची पाळी येते.

कागदावर आपण अल्किल मॅग्नेशियम हॅलाइड असा एक रेणू लिहितो, पण द्रावणात तो एकटा राहत नाही. विल्हेल्म श्लेंक आणि त्यांचे त्याच नावाचे पुत्र यांनी १९२९ मध्ये दाखवले की त्याचे दोन रेणू आपसांत भागीदार बदलतात आणि डायअल्किल मॅग्नेशियम व मॅग्नेशियम हॅलाइड यांच्याशी समतोल साधतात. ईथरमध्ये ब्रोमाइड आणि आयोडाइडांचा हा समतोल मिश्र संयुगाकडे, म्हणजे कागदावर लिहिलेल्या रेणूकडे, बराच झुकलेला असतो. टीएचएफ हे मॅग्नेशियमला ईथरपेक्षा जोरात धरते, मॅग्नेशियम हॅलाइडाभोवती अधिक रेणूंनी जमते, आणि समतोल जवळजवळ निव्वळ संख्याशास्त्रीय वाटणीवर येतो, म्हणजे सुमारे निम्मे मिश्र संयुग आणि उरलेले दोन पदार्थ पाव-पाव. डायऑक्झेन घातले तर मॅग्नेशियम हॅलाइड त्याच्याबरोबर अवक्षेपित होऊन बाहेर पडते आणि द्रावणात मुख्यतः डायअल्किल मॅग्नेशियम उरते. ते मुद्दाम मिळवण्याची हीच पद्धत आहे.

हे ज्ञान एका नेहमीच्या तक्रारीला थेट लागू पडते. थंडीत ठेवलेल्या टीएचएफमधील अभिकर्मकाच्या बाटलीत तळाशी पांढरा थर दिसतो आणि बाटली फेकून द्यावी की वापरावी असा प्रश्न पडतो. निष्क्रिय वायूखाली बाटली सामान्य तापमानाला येऊ द्यावी आणि हलवून पाहावी. थर विरघळला तर ते थंडीने बसलेले स्फटिक होते. अशा बाटलीतून तळ न हलवता वरचा द्रव सिरिंजने ओढला असता, तर संहतीही चुकली असती आणि हॅलाइडचे प्रमाणही. थर विरघळलाच नाही तर तो बहुधा हायड्रॉक्साइड किंवा अल्कॉक्साइडचा, म्हणजे मेलेल्या अभिकर्मकाचा, आणि मग वरच्या द्रवाचे अनुमापन करूनच तो वापरावा.

समतोलाखेरीज गुच्छ होण्याचाही भाग आहे. ईथरमध्ये ब्रोमाइड आणि आयोडाइडांची द्रावणे विरळ असताना, साधारण ०.१ मोल प्रति लिटरच्या खाली, मुख्यतः एकक असतात आणि संहती वाढेल तशी जुळत जातात; क्लोराइडे मात्र विरळ द्रावणातही क्लोरीनच्या पुलाने जोडलेल्या द्विकांच्या रूपात राहतात. टीएचएफमध्ये बहुतेक सर्व एककच असतात. तेव्हा ३ मोल प्रति लिटरचे ईथरमधील द्रावण टीएचएफमधील कीटोनमध्ये घातले, की त्या क्षणी अभिकर्मकाची जात बदलते, समतोल सरकतो, आणि कधी कधी हॅलाइडचा पांढरा गढूळपणाही दिसतो. एका खेपेला ईथरमधला आणि दुसऱ्या खेपेला टीएचएफमधला अभिकर्मक ‘तोच’ म्हणून वापरणे ही बदलत्या परिणामांची फार साधी, आणि म्हणूनच नोंदवहीत न सापडणारी, पायरी आहे.

लिथियम क्लोराइडचा परिणाम याच मालिकेत येतो. आयसोप्रोपिल मॅग्नेशियम क्लोराइडात समप्रमाणात लिथियम क्लोराइड मिसळले की गुच्छ मोडतात, मॅग्नेशियमभोवती ऋण भार अधिक असलेली संकुले बनतात, आणि जे आरिल ब्रोमाइड साध्या अभिकर्मकाशी फार सावकाश अदलाबदल करतात ते सौम्य तापमानाला कामाला लागतात. पाउल क्नोशेल यांच्या गटाने २००४ मध्ये हे मिश्रण पुढे आणले. दोन बाटल्यांवर संहतीचा आकडा एकच असू शकतो आणि एकीत हे लवण असते, दुसरीत नसते. मिथिललिथियमचेही तसेच: ब्रोमाइडपासून बनवलेल्या द्रावणात लिथियम ब्रोमाइड विरघळलेले असते, आणि लवणमुक्त द्रावणाच्या जागी ते वापरले तर निवडकता बदलू शकते.

‘आयन सुटे होतात’ म्हणजे नेमके काय

मॅग्नेशियमची विद्युत्-ऋणता १.३१ आणि कार्बनची २.५५ आहे, बंध ध्रुवीय आहे, पण सहसंयुज स्वरूपाचा आहे. ईथरमध्ये विरघळलेला ग्रीन्यार अभिकर्मक मीठ पाण्यात विरघळावे तसा आयनांत मोकळा होत नाही. ईथरचा परावैद्युत स्थिरांक (विरुद्ध भारांतील ओढ द्रावक किती कमी करतो याचे माप) सुमारे ४.३ आणि टीएचएफचा ७.५ आहे, पाण्याचा ८० च्या जवळ असतो, तेव्हा या द्रावकांत विरुद्ध भारांना एकमेकांपासून दूर राहणे फार महागात पडते. तरीही ही द्रावणे थोडी वीज वाहून नेतात. कारण अभिकर्मकाचे दोन रेणू हॅलाइडची देवघेव करून एक धनायन आणि एक संकुल ऋणायन अल्प प्रमाणात बनवतात. विद्युत् अपघटनात मॅग्नेशियम ऋणाग्रावर साचते आणि ऋणायनाच्या रूपात धनाग्राकडेही सरकते, ही गोष्ट त्याशिवाय उलगडत नाही. शिशाचे धनाग्र घेऊन ग्रीन्यार द्रावणापासून टेट्राअल्किल शिसे बनवण्याचा उद्योगही एके काळी या वाहकतेवर उभा होता. परंतु वीज वाहते म्हणून अभिक्रियाही मुक्त कार्बन-ऋणायनच करतो, असा निष्कर्ष काढता येत नाही.

विचरणाच्या, म्हणजे आयन सुटे होण्याच्या, मधल्या पायऱ्या सॉल विन्स्टाईन यांच्या १९५० च्या दशकातील कामानंतर स्पष्टपणे वेगळ्या केल्या गेल्या: एकमेकांना चिकटलेले संलग्न आयन-युग्म, मध्ये द्रावकाचे रेणू शिरलेले विभक्त आयन-युग्म, आणि पूर्णपणे मुक्त आयन. या पायऱ्या डोळ्यांनी नव्हे तर वर्णपटाने पाहता येतात. होगेन-एश आणि स्मिड यांनी १९६० च्या दशकात फ्लुओरेनिल सोडियमचे टीएचएफमधील द्रावण अभ्यासले. सामान्य तापमानाला त्याचा शोषणपट्टा ३५५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. द्रावण थंड करत गेल्यावर तो ओसरतो आणि ३७३ नॅनोमीटरचा पट्टा वर येतो, उणे ५० अंशांच्या खाली तोच प्रमुख होतो. पहिला पट्टा संलग्न युग्माचा, दुसरा विभक्ताचा. लहान लिथियम आयनाभोवती टीएचएफ अधिक घट्ट जमत असल्याने फ्लुओरेनिल लिथियम सामान्य तापमानालाही बऱ्याच अंशी विभक्त असते.

थंडीत आयन दूर जातात हे अनेकांना उलटे वाटते. तापवल्याने बंध सैल होतात ही आपली सवयीची समजूत असते. येथे मात्र धनायनाला द्रावकाचे रेणू चिकटताना उष्णता बाहेर पडते आणि ते रेणू बांधले गेल्याने एन्ट्रॉपी घटते; म्हणून थंडी विभक्त युग्माच्या बाजूने असते. शिवाय टीएचएफचा परावैद्युत स्थिरांकही उणे ७० अंशांच्या सुमारास सामान्य तापमानाच्या दीडपट होतो. एखादी अभिक्रिया उणे ७८ अंशांना एक निवडकता देते आणि शून्याला दुसरी, तेव्हा फरक केवळ वेगाचा नसून अभिकर्मकाच्या अवस्थेचाही असू शकतो. शीतस्नानातील कोरडा बर्फ संपल्यावर बदललेला परिणाम नोंदवहीत गूढ म्हणून नोंदवण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

लिथियमच्या बाबतीत एक घोळ मला वारंवार आढळतो: गुच्छ मोडणे आणि आयन विभक्त होणे या दोन घटना एकच मानल्या जातात. सामान्य ब्युटिललिथियम हेक्झेनमध्ये षट्क, ईथरमध्ये चतुष्क, आणि टीएचएफमध्ये चतुष्क व द्विक यांच्या समतोलात असते. फेनिललिथियमला टीएचएफमध्ये एचएमपीए दिले की द्विकांचे एकक होतात, परंतु कार्बन आणि लिथियम एकमेकांना धरूनच राहतात. कारण ऋण भार एकाच कार्बनवर एकवटलेला असतो आणि लिथियमला तो सहजी सोडत नाही. फ्लुओरेनिल किंवा गंधकाने स्थिर केलेल्या डायथायेनसारख्या ऋणायनांत भार पसरलेला असतो, आणि तेथे एचएमपीए खरोखर आयन विभक्त करते. त्याचा परिणाम उत्पादितातच दिसतो: डायथायेनचा लिथियम अभिकर्मक सायक्लोहेक्सेनोनसारख्या असंतृप्त कीटोनमध्ये टीएचएफमध्ये कार्बोनिल कार्बनवर जुळतो, आणि एचएमपीए असताना संयुग्मित टोकाला, म्हणजे दुहेरी बंधाच्या दूरच्या कार्बनवर. तेव्हा एचएमपीए घालण्याआधी आपला ऋणायन या दोहोंपैकी कोणत्या घरचा आहे हे विचारावे. शिवाय एचएमपीए प्राण्यांमध्ये कर्करोगजनक ठरलेले आहे. बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी डीएमपीयू हा द्रावक चालतो.

अधिक विभक्त म्हणजे अधिक क्रियाशील, हे सूत्रही सगळीकडे लागू पडत नाही. लिथियम डायमिथिलक्युप्रेट (तांबे असलेले संयुग) ईथरमध्ये मुख्यतः संलग्न युग्माच्या द्विकांत असते, तर टीएचएफमध्ये विभक्त युग्म वरचढ ठरते, आणि असंतृप्त कीटोनवरील समावेशन ईथरमध्येच वेगाने होते. लिथियमला १२-क्राउन-४ या वलयाकार ईथरने वेढून पूर्णपणे बाजूला केले तर ही अभिक्रिया जवळजवळ थांबते, कारण कीटोनच्या ऑक्सिजनला धरून ठेवण्याचे काम लिथियमच करत असतो. क्युप्रेट ‘मंद’ झाले म्हणून टीएचएफ वाढवणारा प्रयोगकर्ता ते आणखी मंद करत असतो.

परत मिळालेला कीटोन

शेवटी पहिल्या तक्रारीकडे. मोजमाप बरोबर, अभिकर्मक जिवंत, तरी कीटोन परत मिळाला, तर अभिकर्मकाने कार्बोनिलवर जुळण्याऐवजी शेजारच्या कार्बनवरचा प्रोटॉन ओढून कीटोनचा ऋणायन, म्हणजे एनोलेट, केले असण्याची शक्यता मोठी असते. अभिक्रिया जड पाण्याने विझवावी आणि लगेच आम्लधर्मी न होऊ देता, अल्कलीतही रेंगाळू न देता, कीटोन वेगळा करून त्यात ड्युटेरियम आहे का हे पाहावे. ते सापडले तर एनोलेटच झाले होते. न सापडले तर अभिकर्मक कीटोनपर्यंत पोहोचलाच नाही, आणि पुन्हा मोजमापाच्या पायरीकडे जावे. कीटोनऐवजी द्वितीयक अल्कोहोल दिसत असेल तर अभिकर्मकाच्या बीटा स्थानावरचा हायड्रोजन कार्बोनिलकडे गेला आहे. आयसोप्रोपिल आणि तृतीयक ब्युटिल अभिकर्मक हे हमखास करतात. दोन्ही प्रसंगी आयन आणखी सुटे करण्याने एनोलेटच वाढण्याचा धोका असतो. उपाय उलट दिशेला आहे: निर्जल सेरियम क्लोराइड, किंवा विद्राव्य स्वरूपातील लँथॅनम क्लोराइड व लिथियम क्लोराइडचे मिश्रण घालावे, म्हणजे कार्बोनिल अधिक आकर्षक होते आणि अभिकर्मकाची अल्कलीसारखी वागणूक कमी होते. सेरियमचे लवण सजल स्वरूपात मिळते आणि ते निर्वातात सावकाश तापवून नीट निर्जल केले नाही, तर वरचा पाण्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

ब्युटिललिथियम वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. ते टीएचएफमध्ये सामान्य तापमानाला ठेवले तर द्रावकाचाच प्रोटॉन ओढते. वलय तुटून एथिलीन आणि असिटाल्डिहाइडचे एनोलेट तयार होते. २० अंशांना त्याचे अर्धायुष्य दोन तासांहूनही कमी असते, ईथरमध्ये ते काही दिवसांचे असते. तृतीयक ब्युटिललिथियम तर टीएचएफमध्ये उणे २० अंशांनाही तासाभरात निम्म्याहून कमी उरते. सकाळी टीएचएफमध्ये मिसळून ठेवलेले आणि दुपारी वापरलेले द्रावण फसले, तर आयन-युग्मांचा विचार करण्याची गरजच पडत नाही.

ज्या बाटलीचे अनुमापन तिसऱ्यांदाही निम्म्याखाली आले तिचा हट्ट सोडावा. द्रावण टोल्युइनसारख्या निष्क्रिय द्रावकाने विरळ करावे, बर्फाच्या स्नानात नायट्रोजनखाली ढवळत आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबथेंब घालावे, वायू सुटणे पूर्ण थांबल्यावरच पाणी आणि नंतर विरळ आम्ल घालावे. आणि वायूला बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे ना, हे पहिला थेंब पडण्याआधी पाहून घ्यावे.